मुख्य चित्रपटाआधीची वीस मिनिटं

आमच्या खामगावच्या टॉकीजमध्ये लोकांची एक ठरलेली पद्धत होती. तिकीट काढायचं, आत जाऊन खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि पुन्हा बाहेर येऊन चहा सांगायचा. ‘न्यूज सुरू आहे अजून’ असं दारावरचा माणूस सांगायचा, म्हणजे घाई नाही. धरणं, पूर, पंतप्रधानांचे दौरे, कुटुंबनियोजन, सुधारित बियाणं हे सगळं त्या वीस मिनिटांत रिकाम्या खुर्च्यांसमोर चालायचं. मी मात्र आत बसून राहायचो, कारण चहाला पैसे नसायचे.

साधारण 1979 किंवा 80 ची गोष्ट असेल. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. शेतीवरच्या कुठल्याशा रिळात कापसाच्या गाड्यांची लांब रांग दिसली आणि आत होते तेवढे लोक ओरडले, ‘खामगाव! आपलं खामगाव!’ दोन-तीन सेकंदांत ते दृश्य गेलं. त्या काळी एकाधिकार खरेदीमुळे गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहत. माझी आईही एकदा वडिलांसाठी भाकरी घेऊन रांगेत गेली होती. ती त्या चित्रात आहे, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. आईचा कामावरचा एकही फोटो आमच्या घरात नाही. तिचा एकुलता एक फोटो मतदार ओळखपत्रावरचा आहे.

मोटार रिवायंडिंगचं दुकान सांभाळून गेली वीस-बावीस वर्षं मी जे वाचतो, टिपून ठेवतो, त्याची सुरुवात या दोन-तीन सेकंदांपासून झाली. त्यामुळे ‘कोणते माहितीपट बघावेत?’ असं कोणी विचारलं, की मी आधी माझी ही गोष्ट सांगतो आणि मग यादीकडे वळतो.

यादी मराठी माणसापासूनच सुरू होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईचे छायाचित्रकार. त्यांनी कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. डिसेंबर 1901 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मुंबईत परतले, तेव्हाचं स्वागतही त्यांनी टिपलं. भारतीय माणसानं भारतीय घटनेचं केलेलं हे पहिलं वार्ताचित्रण मानलं जातं. त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. म्हणजे आपल्या माहितीपटाचा इतिहास सुरू होतो तो हरवलेल्या वस्तूपासून.

फाळक्यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’साठी ओळखतो. पण त्याच्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला होता आणि चौकटीमागून चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली होती. भांडवलदाराला पटवण्यासाठी केलेला तो उद्योग होता. एक महिन्याची वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर! मला ‘हरिश्चंद्र’पेक्षा हा वाटाणा जास्त आवडतो. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे असेल.

टॉकीजमधल्या त्या वीस मिनिटांचं मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं प्रचारपट दाखवणं चित्रपटगृहांना सक्तीचं केलं. 1946 मध्ये ती यंत्रणा गुंडाळली गेली. परिणाम असा, की स्वातंत्र्याच्या मध्यरात्री सरकारकडे स्वतःचं चित्रण पथकच नव्हतं. खासगी कॅमेरामननी ते काम केलं. 1948 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि सक्ती परत आली. आठ हजारांहून अधिक चित्रपट तिथे तयार झाले. त्यांतले पुष्कळसे कंटाळवाणे होते, हे मी आत बसून राहिलेला माणूस म्हणून हमखास सांगू शकतो. पण त्याच इमारतीतून एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ही निघाला. 1947 मध्ये जन्मलेली मुलं 1967 मध्ये वीस वर्षांची झाली, तेव्हा त्यांना देशाबद्दल काय वाटतं हे त्यांच्याच तोंडून ऐकवणारा हा पट आहे. काही मुलं भारावलेली, काही सरळ चिडलेली. सरकारी पैशानं सरकारला असं ऐकवता येतं, हे आज पाहताना नवल वाटतं. आपल्या विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (1974) तर दूरदर्शनच्या पिढीला पाठच आहे.

मालिकांत श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ पुन्हा बघावी. 53 भाग आहेत, घाई करू नये. तो शुद्ध माहितीपट नव्हे, नाट्यरूपांतर आहे. पण इतिहासावर वाद घालायला शिकवणारी दुसरी मालिका माझ्या पाहण्यात नाही.

आनंद पटवर्धनांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ‘हमारा शहर’ (1985) मध्ये झोपडपट्ट्या पाडल्या जात असताना शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि त्यानंतर घोगऱ्यांनी आत्महत्या केली. पटवर्धन त्या मृत्यूपासून निघाले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला 2011 उजाडलं. चौदा वर्षं! शाहिरी, जलसे, वस्त्यांमधली गाणी एवढ्या सलगपणे टिपलेला दुसरा दस्तऐवज नाही. त्यांची राजकीय मतं पटत नसतील त्यांनीही तो अभ्यासाचं साधन म्हणून बघावा. गाणारा माणूस जिवंतपणी टिपलेला होता, म्हणून त्याच्या मृत्यूचा अर्थ शोधता आला.

आता आमच्याकडचं. जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा 1870 मध्ये सुरू झाला तो कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला होता, तेव्हापासून वऱ्हाडावर साहेबांची नजर होती. एवढा जुना धंदा, पण पडद्यावर तो येतो प्रेतयात्रेतून. दीपा भाटियांचा पी. साईनाथांवरचा ‘नीरोज गेस्ट्स’ (2009), नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (2011), मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (2011) हे तिन्ही प्रामाणिक पट आहेत आणि तिन्ही बघावेत. साईनाथांचा प्रश्न तर झोप उडवणारा आहे. नीरो वाईट होताच, पण कैद्यांच्या मशाली पेटवल्या जात असताना जेवत बसलेले पाहुणे कोण होते?

‘नीरोज गेस्ट्स’ मी घाटाखालच्या एका गावात पारावर, चादर बांधून दाखवला. पंचवीसेक माणसं होती. इंग्रजी बोलणं आलं की मी थांबवून सांगत होतो. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं धाकटा भाऊ गमावलेला होता, फवारणीचं औषध पिऊन. तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. मी वायर गुंडाळत असताना जवळ आला आणि म्हणाला, ‘मेलेल्याचं दाखोलं भाऊ, चांगलं केलं. पन जित्याचं कोन दाखोईन?’

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या जिल्ह्यात कॅमेरे येत नाहीत असं नाही. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा वाहिन्यांची रीघ लागली. 2019 मध्ये टिपेश्वरचा पट्टेवाला वाघ चालत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, त्याचा नकाशा जगभर छापून आला. सरोवर, वाघ आणि आत्महत्या. यांच्या मधलं काही नाही.

म्हणूनच मला शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (2012) सगळ्यांत जवळचा वाटतो. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यावरचा तो पट आहे. फाळक्यांची शिल्लक रिळं त्यांनी हिंडून गोळा केली. पुण्यातच जानेवारी 2003 मध्ये आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. तो पट बघताना मला सारखी ती गाड्यांची रांग आठवत होती.

ती मी पुष्कळ शोधली. पत्रं पाठवली, याद्या तपासल्या. यादीत चित्रपटाचं नाव असतं, वर्ष असतं, दिग्दर्शक असतो. चित्रात कुठलं गाव आहे हे नसतं. ती रांग खामगावची होती की अकोल्याची, हेही आता सांगता येणार नाही. टॉकीजमधले तेव्हाचे लोक बहुतेक गेले. आईला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, ‘मी कायले दिसन त्याच्यात? माह्या डोक्यावर टोपलं होतं.’

मागच्या दिवाळीआधी त्या म्हाताऱ्याच्या वावरात गेलो. वेचणी सुरू होती. मोबाइल एका खांबाला बांधला आणि चाळीस मिनिटं तसाच ठेवला. बाया ओटीत कापूस भरत पुढे सरकतात, हसतात, एकमेकींना चिडवतात, मध्येच एक जण पाणी मागते. एवढंच आहे त्यात. फाइलला मी गाव, शिवार, तारीख, वेचणाऱ्या बायांची नावं आणि त्या दिवशीचा कापसाचा भाव असं लांबलचक नाव दिलं आहे.