बारा बंदांचं कूळ

सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा जवळ आली की शिंप्यांच्या दुकानांत एकाच कपड्याची लगबग सुरू होते. पांढऱ्या कापडाची, कमरेच्या जरा खाली येणारी, एकही बटण नसलेली बाराबंदी. एरवी वर्षभर ती कुणाच्या अंगावर दिसत नाही. जानेवारीतल्या त्या चार-पाच दिवसांत मात्र नंदीध्वज पेलणाऱ्या गड्यापासून बापाचं बोट धरून चाललेल्या पोरापर्यंत, बाळीवेशीपासून तळ्यापर्यंत सगळीकडे तीच. वर्तमानपत्रं तिला ‘पारंपरिक पोशाख’ म्हणून मोकळी होतात. पारंपरिक हे विशेषण मोठं सोयीचं. ते लावलं की हा कपडा कधीपासूनचा, कुणाचा आणि कशासाठी शिवलेला, हे विचारायचं राहून जातं.

विचारायला बसलं तर पहिली अडचण यात्रेच्याच वयाची येते. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धराम बाराव्या शतकातले. बसवण्णांच्या शरण परंपरेतले, कन्नडमधून वचनं रचणारे, आणि ‘कायक’ म्हणजे अंगमेहनतीचं काम हीच पूजा मानणारे. सोलापूरचं तळं त्यांनी खोदवलं, गावाभोवती 68 लिंगं स्थापली. कुंभाराच्या लेकीनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, ही कथा गावातल्या लहान मुलालाही पाठ असते. त्या योगदंडाचं रूप म्हणजे हे तीसेक फूट उंचीचे मानाचे सात नंदीध्वज. पहिल्या दिवशी 68 लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, पुढे होम, आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांचं वस्त्रविसर्जन. या सगळ्याबरोबर बाराबंदीही आपसूक बाराव्या शतकात जाऊन बसते. तिथे तिचं काही काम नाही. त्या काळातल्या चालुक्य घडणीच्या देवळांवरचे पुरुष पाहावेत: कमरेला वस्त्र, गळ्यात माळा, आणि अंग बहुतेक उघडं. तळं खोदणाऱ्या मजुरांच्या अंगावर शिवलेला, बाह्या असलेला कपडा असेल, ही कल्पना गोड असली तरी पटणारी नाही.

बाराबंदीचं कूळ शोधायचं तर अंगरख्याच्या घराण्यात जावं लागतं. छातीवर एक भाग दुसऱ्यावर घ्यायचा आणि कापडाच्या बंदांनी बांधायचा, ही त्या घराण्याची खूण. तिचा एक पक्का लेखी पुरावा अबुल फझलच्या ऐन-ए-अकबरीत आहे. ‘तकौचिया’ नावाचा बिनअस्तराचा हिंदुस्थानी घाटाचा अंगरखा पूर्वी घेराला चिरा असलेला आणि डाव्या बाजूला बांधायचा असे. अकबर बादशहानं त्याचा घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे नेले, असं तो नोंदवतो. बंद कोणत्या कुशीला, ही बाब तेव्हा राज्यकर्त्यानं लक्ष घालावं इतकी मोठी होती. मुघल चित्रांतला दरबारी हिंदू की मुसलमान, हे अभ्यासक आजही बंदांच्या बाजूवरून ओळखतात. डावीकडे असले तर बहुधा हिंदू. जपाननं हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, 719 साली, राजाज्ञा काढून मिटवला होता: डावा भाग वर, उजवा आत. तिथे उलट बाजूनं गुंडाळतात ते फक्त प्रेताला. किमोनो हौसेनं घालून फोटो काढणाऱ्या परदेशी पाहुण्यांना हे कुणी वेळेवर सांगत नाही.

पण अंगरखा आणि बाराबंदी एका घरातल्या असल्या तरी एका पंगतीतल्या नव्हेत. लोकमान्य टिळकांचे फोटो आठवावेत. पगडी, उपरणं आणि गुडघ्याच्या आसपास येणारा अंगरखा. घेरदार कपडा हा बसून काम करणाऱ्याचा, म्हणजे लेखणी, वकिली, कारभार करणाऱ्याचा. नांगरामागून चालणाऱ्याला तो घेर ढेकळात अडकणारा, मोटेवर भिजणारा. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराला तर तो पायपट्टीच्या आड येणारा. म्हणून कष्टकऱ्यानं घेर कापून टाकला आणि छाती झाकणारा, कमरेशी संपणारा भाग ठेवला. बंडी, कोपरी, बाराबंदी ही या छाटलेल्या फांदीची नावं. कोपरी कोपरापर्यंतच्या बाहीची. बाराबंदी पूर्ण बाहीची आणि जास्त बंदांची, म्हणून जरा मानाची. घरात एकच बाराबंदी असेल तर ती बाजाराला, लग्नाला आणि देवाला जाताना निघायची; शेतात बंडी चालायची. कामाच्या कपड्यांतलाही एक कपडा ‘बरा’ म्हणून बाजूला ठेवलेला असतोच, आणि पुढे जाऊन तग धरतो तोही तोच.

तिची बेतणी पाहण्यासारखी आहे. जुन्या मागावरचं कापड कमी पन्ह्याचं. ते वाया घालवणं परवडणारं नव्हतं, म्हणून बाराबंदीचे सगळे तुकडे सरळ रेषेत कापलेले: पाठ एक आयत, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, कुशीला तिरक्या कळ्या. बाहीला आजच्या शर्टासारखा खांद्याचा गोल घेतलेला नसतो. सरळ बाही सरळ अंगाला जोडायची म्हटल्यावर हात वर केला की काखेत कापड ताणतं आणि फाटतं. त्यासाठी काखेत एक चौकोनी तुकडा घालतात, त्याला चौबगला म्हणतात. या बोटभर कापडावर सगळा कपडा तरतो. यात्रेत तीसेक फुटांचा नंदीध्वज तोलताना माणसाचे दोन्ही हात वर असतात. त्या वेळी बाराबंदी खांद्यावर चढत नाही की उसवत नाही, याचं श्रेय चौबगल्याचं. डोक्यावरून बाजरीची पेंढी चढवणाऱ्याला हीच सोय हवी होती.

मग ते बंद. बारा म्हणजे सहा जोड्या, काही आतल्या अंगाला तर काही बाहेर. आतला भाग आधी बांधायचा, मग वरचा त्यावर घेऊन उरलेल्या गाठी. बंद त्याच कापडाच्या चिंध्यांचे, उलटे शिवून सुलटे केलेले. बटणाला शिंपला, शिंग किंवा धातू लागतो, म्हणजे कुणाकडून तरी विकत घ्यावं लागतं. बंदाला फक्त चिंधी आणि सुई. सुगीत अंगावर मांस चढलं तर गाठ सैल, उन्हाळ्यात उतरलं तर घट्ट. एक तुटला तर अकरा राहतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात वरच्या दोन गाठी सोडल्या की छातीला वारा लागतो. या कपड्याला मापाचा आकडा नाही, आणि बापाचा मुलाला सहज होतो. गैरसोय एकच, पण ती मोठी. घालायला वेळ लागतो.

त्या वेळेनंच तिचा घात केला असं मला वाटतं. 1877 साली सोलापुरात शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. गाव तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणतं. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या आणि भोंग्यावर चालणारं शहर उभं राहिलं. भोंग्याला गाठी मारत बसलेला माणूस चालत नाही. दुसरं कारण अधिक टोकदार. त्या काळच्या गिरणीत छतालगत दांडे फिरायचे आणि प्रत्येक मागाला चामडी पट्टा असायचा. अशा पट्ट्यापाशी लोंबणारा बंद म्हणजे मरणाला दिलेलं टोक. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यात तर लिहिलंच गेलं, की चालू यंत्राजवळ तेलपाणी करणाऱ्या कामगाराच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत आणि ते मालकानं पुरवावेत. कायद्यानं सांगायच्या आधीच कामगारांना ते कळलं असणार. गिरणीचंच स्वस्त मांजरपाट, शिवणयंत्र आणि बटणं एकाच सुमाराला हाताशी आली. पैरण आणि सदरा आले, डोक्यावरचं मुंडासं जाऊन टोपी आली. 1930 च्या मार्शल लॉमध्ये तर सोलापुरात गांधी टोपी डोक्यावर ठेवणंही जोखमीचं झालं, इतका त्या साध्या कपड्याला अर्थ आला होता. या धामधुमीत बाराबंदी कधी उतरली, याची दखल कुणी घेतली नाही.

फोटोंत तरी सापडेल म्हणावं, तर जुन्या फोटोंची वेगळीच तऱ्हा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली. दोनच वर्षांनी विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांचा इथल्या लोकांच्या फोटोंचा संग्रह निघू लागला. पुढे 1863 आणि 1866 मध्ये जॉन्सननं मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यात माणसं एकीकडे उभी करून टिपलेली आणि मागे वेगळाच देखावा चिकटवलेला. फोटो काढून घ्यायला माणूस आपला बरा कपडा घालून येतो, किंवा फोटोग्राफरला हवा तो ‘नमुना’ बनून. घामानं खांद्यावर पिवळी पडलेली बंडी त्या चौकटीत येत नाही.

जपानची गत काही निराळी नव्हती. फेलिचे बिआतो 1858 मध्ये लखनौच्या पडझडीचे फोटो काढत होता आणि 1863 पर्यंत योकोहामाला पोचला. तिथे त्यानं आणि त्याच्या मागून आलेल्यांनी हाती रंगवलेले फोटो परदेशी प्रवाशांना विकले. त्यांत गवताचा झगा घातलेला हमाल आहे, पाठीवर धन्याचं चिन्ह छापलेला आखूड अंगरखा घातलेला नोकर आहे, सुतार आहे. पण बरेचसे स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे. बिआतोकडे उमेदवारी केलेल्या कुसाकाबे किंबेईचा वादळातल्या मुलीचा फोटो तर गमतीचा आहे. वारा दिसावा म्हणून तिच्या किमोनोची टोकं बांधून ताणलेली आणि पाऊस म्हणून काचेच्या निगेटिव्हवर ओरखडे मारलेले! आज आपण ज्याला ‘जुन्या जपानचं रोजचं जीवन’ म्हणून हळवेपणानं पाहतो, त्यात एवढा नाटकीपणा आहे. तरी कपडे खरे होते. पाठीवर चिन्ह असलेला तो आखूड अंगरखा, ‘हाप्पी’ किंवा ‘हान्तेन’, हा नोकरांचा, कारागिरांचा आणि एदो शहरातल्या आगवाल्यांचा कपडा. आगवाल्यांचा तर दोन-तीन थर एकत्र टाचून जाड केलेला असे आणि आगीत शिरताना तो पाण्यानं भिजवून घालत. आपल्या गोधडीचा धावदोरा तिथे जीव वाचवत होता.

या हाप्पीचं पुढे काय झालं, ते पाहिलं की बाराबंदीची गोष्ट नीट उलगडते. कोट-पाटलोण आली, कारखान्याचे गणवेश आले आणि हाप्पी रोजच्या कामातून गेली. टिकली ती देवाच्या उत्सवात. गल्लीगल्लीतली मंडळं खांद्यावर देवाची पालखी घेताना एकाच रंगाची हाप्पी घालतात, पाठीवर मंडळाचं चिन्ह. कारण सरळ आहे. पालखी उचलणं हे शेवटी ओझं वाहणंच, आणि ओझं वाहणाऱ्याचा कपडा त्या कामाला सर्वांत चांगला. सोलापुरात अगदी तेच घडलं. नंदीध्वज पेलणं ही भक्ती खरी, पण ती मनगट, कंबर आणि तोल यांची भक्ती आहे. तिचा सराव महिनाभर आधीपासून चालतो. तिथे शर्टाची बटणं तटतात आणि झब्बा पायात येतो. सगळीकडून हद्दपार झालेला कष्टाचा कपडा जिथे अजून कष्टच उरले होते तिथे राहिला. कायक मानणाऱ्या सिद्धरामांच्या यात्रेत तो राहावा, हा योग मला आवडतो. त्याला योगच म्हणावं; योजना म्हणू नये.

राहिला तो तसाच राहिला असंही नाही. शेतातली बंडी मातकट, मळखाऊ असायची. यात्रेची बाराबंदी कडक पांढरी, इस्त्रीची. पूर्वी जो ‘बरा’ कपडा होता तो आता ‘सोवळा’ झाला आहे. अंगावर चढली की माणसाचं चालणं बदलतं, चप्पल काढली जाते, ‘हर्र बोला’च्या गजरात आवाज मिसळतो. आणि कुणाच्या अंगावर असावी याचे जुने भेदही सैल झाले. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी घरं सोलापुरात शेजारी नांदतात; व्यापारी, वकील, विणकर, मोबाईल दुकानातला पोरगा असे सारे त्या चार दिवसांत एकाच बेताच्या कपड्यात दिसतात. गिरणीच्या साहेबानं कधी नोकराची बंडी घातली नसती.

आता हेच सोलापूर देशभरच्या शाळांचे गणवेश शिवतं. कापडाचे ढीग एकावर एक रचून यंत्रानं कापायचे, ओळीत बसलेल्या कारागिरांनी एकेक शिवण मारायची, काज-बटणाचं यंत्र वेगळं. बाराबंदीची सरळ बेतणी या पद्धतीला सोपी जावी, आणि तयार बाराबंद्या दुकानांत टांगलेल्या दिसतातही. अडतं ते बंदांपाशी. चिंधी दुमडायची, शिवायची, सुलटी करायची, टोक आत घालायचं, आणि हे एका नगाला बारा वेळा. गणवेशाच्या शर्टाला बटणं लावून होतात तेवढ्या वेळात निम्मेही बंद तयार होत नाहीत. घाई असलेला शिंपी म्हणूनच सांगतो, की बेतून लगेच देतो, पण बंदांना दोन दिवस लागतील.