नोटीस, उचल आणि भंडारदऱ्याचं पाणी

पुण्यात आयटीत असलेला भाचा मध्यंतरी भंडारदऱ्याला आला होता. धरणाच्या भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "मामा, नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगायचं असतं?" त्याच्या ऑफर लेटरमध्ये तीन महिने लिहिलेत. नवी कंपनी म्हणते, एका महिन्यात या. मी "करारात असेल तेवढं" म्हणून सुटलो. पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून थोडं वाचन केलं.

गंमत म्हणजे नोटिशीच्या दिवसांपेक्षा जास्त महत्त्वाचं हे निघालं, की कुणाचे पैसे कुणाकडे अडकलेत. मुंबईच्या गिरण्यांत पगार थकवून द्यायची पद्धत होती. झालेल्या महिन्याचा पगार पुढचा महिना बराच सरल्यावर हातात पडे. नोटीस न देता निघून गेलात, तर मागचे पैसे गेले! १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी सगळ्यांना आठवते. पण पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या, हीही मागणी होती. मला तर तीच जास्त बोलकी वाटते.

मुकादम-ठेकेदाराकडे याच्या उलट. तिथे पैसे आधी हातात पडतात. १८५९ साली इंग्रज सरकारने खास कायदा केला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडलं, तर मॅजिस्ट्रेट एक तर पैसे परत करायला लावी, नाहीतर काम पुरं करायला. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. (तीन महिने! भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही.) मुळात हा कायदा मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी होता, मग इतरत्रही पसरला. तो रद्द केला १९२५ च्या कायद्याने. तेव्हा भंडारदऱ्याचं धरण पुरं होत आलं होतं. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. सुमारे ८२ मीटर उंच दगडी भिंत. ज्यांनी ती रचली त्यांना काम सोडायची काय मुभा होती, कोण जाणे.

पुढे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या नमुना नियमांत महिना पगारी कायम कामगारासाठी एक महिना आणि बाकीच्यांसाठी दोन आठवडे नोटीस आली. मालकालाही तेवढीच, हे विशेष. म्हणजे कागदावर तरी दोघं बरोबरीला आले.

पण याच धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली गेलं, ऊस पिकला, १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आणि ऊस तोडायला येतात त्यांच्यात नोटीस हा शब्दच नाही. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत निघायचं नाही, आणि नाही फिटली तर ती पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा. तो आहेच. उचलही आहेच.

भाच्याला म्हटलं, तुझ्याकडे निदान मोजायला दिवस तरी आहेत. तो म्हणाला, "मामा, ते ठीक. पण मी एचआरला काय सांगू?" असो. सांग म्हटलं, दोन महिन्यांचा पगार भरून देतो, सोडा लवकर. त्याला तेवढं परवडतं.