माशांची मोजदाद : जाळ्याकडून प्रतिध्वनीकडे

कोकणच्या मच्छीमाराला तारली आणि बांगड्याचा लहरीपणा ठाऊक असतो. एखाद्या वर्षी होड्या भरून वाहतात, तर पुढच्या वर्षी जाळी रिकामी परततात. जाळे रिकामे आले म्हणजे मासा संपला, की तो केवळ दूर गेला? पश्चिम किनाऱ्यावर या प्रश्नाचे मोल मोठे होते. तारलीचे उत्पादन घसरल्यावर १९४३ मध्ये तत्कालीन मद्रास सरकारने तिच्या मासेमारीवर निर्बंध घातले. मात्र समुद्रात साठा किती उरला आहे, हे जाळ्यावाचून मोजण्याचे साधन तेव्हा येथे कोणापाशीही नव्हते.

त्या साधनाचे बीज नॉर्वेत रुजले होते. लोफोटेनजवळच्या समुद्रात, खोली मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर कॉड माशांचे थर उमटतात, हे ऑस्कर सुंद यांनी १९३५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.१ सेकंदात परतला, तर मासा ७५ मीटर खोलीवर आहे. पुष्कळ माशांच्या शरीरात वायूची पिशवी, म्हणजे वाताशय असते. प्रतिध्वनीचा बहुतांश भाग तिच्यामुळेच उमटतो. पुढे १९६०च्या दशकात या प्रतिध्वनींची बेरीज करणारे यंत्र नॉर्वेतच घडले. एकूण प्रतिध्वनीला एका माशाच्या सरासरी प्रतिध्वनीने भागले की संख्येचा अंदाज मिळतो.

ही पद्धत १९७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर आली. संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने कोचीन येथून चाललेल्या पेलॅजिक फिशरी प्रकल्पाच्या 'रास्ट्रेलिजर' आणि 'सार्डिनेला' या नौकांनी रत्नागिरीपासून तुतिकोरिनपर्यंतचा समुद्र ध्वनीने चाळला. नौकांची ही नावे बांगडा आणि तारली यांच्या शास्त्रीय नावांवरूनच घेतली होती. केरळात 'नेत्तोली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान माशाचा, तोवर फारसा न पकडलेला मोठा साठा या पाहणीत आढळला.

तरीही ध्वनी माशाची जात सांगत नाही. ती ओळखण्यासाठी जाळे टाकावेच लागते. पृष्ठभागालगतचे आणि अगदी उथळ पाण्यातले थवेही नौकेखालच्या यंत्राला निसटतात. म्हणून हाती येतो तो अंदाजच. पण तो बाजारात उतरलेल्या माशांवर विसंबून नसतो. किती पकडले आणि किती उरले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मच्छीमाराच्या पोटावर येणारा निर्बंध दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर आधारलेला असावा, हीच या इतिहासाची शिकवण आहे.