चौकाआधीचा लेप

वारली चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर पांढऱ्या रेषा येतात. दोन त्रिकोणांचा माणूस, तारप्याभोवती फिरणारा नाच. मोबाइलच्या कव्हरवर, कुर्त्यावर, कॅफेच्या भिंतीवर त्याच रेषा. त्यांच्या मागची लाल-तपकिरी जागा आपण ‘बॅकग्राउंड’ म्हणून सोडून देतो. डहाणू-तलासरीत ती जागा म्हणजे भिंतीचा लेप, आणि त्या लेपालाही इतिहास आहे.

जुनं वारली घर कुडाचं. कारवीच्या काड्या उभ्या लावायच्या, आडव्या बांबूंनी आवळायच्या आणि वरून शेण कालवलेली माती थापायची. शेणातल्या गवताच्या तंतूंमुळे माती वाळताना कमी तडकते. चूल घरातच. तिच्या धुराने जवळची भिंत काळी पडते, आचेने लेप सुटतो, पावसाळ्यात ओल चढते. म्हणून चूल आणि तिच्या भोवतीची भिंत पुन्हा पुन्हा सारवावी लागते. हे काम बायकांचं. चुलीची कड ढासळली तर पडलेली माती भिजवायची आणि तीच परत लावायची. गवंडी नको, पैसा नको.

लग्न ठरलं की मात्र भिंतीला खास हात लागतो. ताजं सारवण, त्यावर गेरू, आणि मग सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. वारली बायका याला चौक ‘लिहिणं’ म्हणतात. चौकात पालघाट देवी असते, आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. पुढे धूर आणि पाऊस चौक पुसट करतात, आणि पुढच्या सारवणाखाली तो झाकला जातो. पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या या भिंतींचे जुने नमुने म्हणूनच आपल्या हाती जवळजवळ उरले नाहीत.

पण ज्या लग्नासाठी भिंत सजायची, तेच लग्न घर बुडवायचंही. लग्नाला सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचंच नाही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. नव्या गेरूवर चौक लिहिला जाई तेव्हा त्या जोडप्याची पुढची वर्षं कित्येकदा आधीच गहाण पडलेली असत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या सभेत हजारो वारली जमले आणि वेठबिगारी करणार नाही असं त्यांनी ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्यात त्यांच्याबरोबर होते. वेठ आणि लग्नगड्याची पद्धत मोडली. गोदावरीबाईंनी ही हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या भागात येऊन बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला दिली. त्याच काळात गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. बायकांची ही लिखाई ते लग्न नसतानाही, रोज करत. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. चित्र भिंतीवरून सुटलं, विकलं जाऊ लागलं, आणि बरंचसं पुरुषांच्या हाती गेलं. तरी लेपाशिवाय त्याचं भागलं नाही: कापडावरही आधी शेणाचा किंवा गेरूचा हात फिरवावा लागला. चित्राखाली सही आली. सारवणाऱ्या हाताची सही कधीच नव्हती.

आता या तालुक्यांत विटा-सिमेंटची घरं वाढली आहेत. पावसात ती टिकतात, दरवर्षी सारवावी लागत नाहीत, आणि बाईच्या कंबरेला थोडा आराम मिळतो. हे सुख खोटं नाही. पण नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, भिंतींना भेगा पडल्या, आणि ऐन थंडीत लोक घराबाहेर झोपले. कुडाची भिंत हलकी असते, हादऱ्यात थोडी वाकते. तिचा लेप गळला तर संध्याकाळपर्यंत परत लावता येतो. वीट वाकत नाही. तिची भेग बुजवायला सिमेंट, गवंडी आणि मजुरी लागते, आणि त्यासाठी पुन्हा कुणाकडे तरी हात पसरावा लागतो. ज्या तालुक्यात कर्जाने माणसं बांधली गेली होती, तिथे भिंतीची दुरुस्ती घरच्या हातांनी होते की उधारीवर, हा प्रश्न लहान नाही.