बदली नाकारली म्हणजे राजीनामा नव्हे

कंपनी दुसऱ्या गावी चालली, आपण जायला नकार दिला, तर हातात काय पडते? हा प्रश्न घेऊन वस्तीतली पोरं आमच्याकडे येतात तोवर बहुतेकांनी राजीनाम्यावर सही केलेली असते. म्हणून थोडा इतिहास.

1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25-एफ आले. वर्षभर सलग नोकरी झालेल्याची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. त्याच वर्षअखेर बार्शी लाईट रेल्वेने आपल्या कामगारांना कमी केले, कारण 1 जानेवारी 1954 पासून ती रेल्वे सरकारकडे जाणार होती. बहुतेकांना सरकारने घेतले, काहींना आधीपेक्षा कमी वेतनश्रेणीवर. काहींनी ती नोकरी नाकारली. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 27 नोव्हेंबर 1956 रोजी निकाल आला : कपात म्हणजे चालू उद्योगातले जादा कामगार कमी करणे, मालकाने धंदाच सोडला तर ती कपात नव्हे! बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा नऊच दिवस उरले होते.

संसदेला 1957 साली कायदा दुरुस्त करावा लागला. मालकी बदलली किंवा उद्योग बंद झाला तरी कपातीसारखीच भरपाई ठरली. मालकांना पळवाटही ठेवली : बंद 'अपरिहार्य कारणाने' असेल तर कमाल तीन महिन्यांचा पगार.

पण कारखाना चालूच आहे आणि मालक म्हणतो, माझ्या दुसऱ्या गावच्या कारखान्यात जा, तर? उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याच्या कुंदन शुगर मिल्सने हेच केले. मालकांनी बुलंदशहरला नवी गिरणी काढली, काही कामगारांना तिकडे धाडले, त्यांनी नकार दिला म्हणून बडतर्फ केले. 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने कामगारांची बाजू उचलून धरली. नोकरीच्या करारात बदलीची अट नाही, तर कामगार घेतल्यानंतर काढलेल्या गिरणीत त्याला पाठवण्याचा हक्क मालकाला आपोआप मिळत नाही. म्हणजे तिथे बडतर्फीच बेकायदा, प्रश्न नुसत्या भरपाईचा उरत नाही.

ले-ऑफच्या काळात दिलेले पर्यायी काम नाकारले तर औद्योगिक विवाद कायद्याखाली भरपाई जात असे, पण ते काम त्याच गावात किंवा पाच मैलांच्या आत असले तरच. कायद्याने मैल मोजले, जात मोजली नाही. नव्या गावात आडनाव सांगितल्यावर खोली मिळते का, हे आपल्या माणसाला विचारा. नकाराला तो 'हट्ट' म्हणणार नाही.

आजच्या नेमणूकपत्रात मात्र 'भारतात कुठेही बदली' हे वाक्य छापलेलेच असते. मग नकार म्हणजे गैरवर्तन ठरवले जाते. तरी आकसाची बदली महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली होती. मोठ्या कारखान्यांना बंदसाठी सरकारी परवानगी लागे, ती मर्यादा 2020 च्या संहितेने शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. त्याखालचे कारखाने न विचारता कुलूप लावू शकतात.

राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी मिळेल, तीही सहसा पाच वर्षे भरली असतील तरच, आणि कपातीची भरपाई हातची जाते. नकार लेखी द्या, कारणासह, पोच घेऊन. राजीनाम्याचा कागद पुढे आला तर तो आधी युनियनकडे न्या.