अभ्यागत आणि नेमणूक : तुरुंगांवरील लोकदेखरेखीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग

तुरुंगाच्या भिंतीआड काय चालते हे पाहण्याचा अधिकार समाजाला असावा, हे तत्त्व आता वादाचे राहिलेले नाही. वादाचा, आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक, प्रश्न निराळा आहे. समाजाच्या वतीने पाहणारा मनुष्य कोण निवडतो, कोणत्या कसोटीवर निवडतो आणि ती निवड लोकांना कळेल अशा रीतीने होते की नाही, हा तो प्रश्न होय. हिंदुस्थानातील तुरुंगविषयक विधिनियमांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास तपासला असता असे दिसते की, अभ्यागताने काय पाहावे याविषयी नियम उत्तरोत्तर तपशीलवार होत गेले. अभ्यागत कसा निवडावा याविषयी मात्र कायदा बहुतांशी मौनच पाळत आला.

१८९४ चा तुरुंगांचा अधिनियम हा या इतिहासाचा आरंभबिंदू मानता येईल. १८७० चा केंद्रीय अधिनियम व मुंबई इलाख्याचा १८७४ चा अधिनियम यांची जागा त्याने घेतली. शिस्त, आहार, शिक्षा, वैद्यकीय तपासणी इत्यादी विषयांना त्यात स्वतंत्र कलमे लाभली. अभ्यागतांच्या वाट्यास मात्र कलम ५९ मधील नियम करण्याच्या अधिकारांच्या लांबलचक यादीतील एक ओळ आली : अभ्यागतांच्या नेमणुकीसाठी व मार्गदर्शनासाठी सरकारने नियम करावेत. म्हणजे ज्या सरकारच्या तुरुंगावर देखरेख ठेवावयाची, त्याच सरकारने देखरेख ठेवणारा नेमावा आणि त्याला मार्गदर्शनही करावे. या रचनेत वसाहतवादी राजवटीला विसंगती जाणवली नाही, हे समजण्याजोगे आहे. स्वतंत्र भारतातही ती दीर्घकाळ जाणवली नाही, हे मात्र विचार करण्यासारखे आहे.

या मौनाचे एक कारण भाषेतही सापडते. इंग्रजी कायद्यातील 'व्हिजिटर' हा शब्द मध्ययुगीन धर्मपीठांच्या व विद्यापीठीय महाविद्यालयांच्या व्यवहारातून आला. तेथे 'व्हिजिटर' म्हणजे संस्थेत अधिकाराने येऊन चौकशी करणारा व दोष दाखवणारा पुरुष. मराठीत त्यासाठी 'अभ्यागत' हा शब्द रूढ झाला. 'अतिथी-अभ्यागत' या जोडशब्दावरून स्पष्ट होते की मराठी मनात अभ्यागत हा मुख्यतः पाहुणा असतो. पाहुण्याने घरच्या उणिवा बोलून दाखवू नयेत, असा आपला शिष्टाचार आहे. 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज 'त्रोंको'पासून आला आणि पूर्णपणे मराठी झाला. 'व्हिजिटर'चा अर्थ मात्र भाषांतरात निम्माच उतरला. येणे राहिले, अधिकार गळाला.

'नेमणूक' या शब्दाचा इतिहासही असाच बोलका आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत नेमणूक म्हणजे केवळ पदावर योजणे नव्हे. एखाद्याच्या नावे ठरवून दिलेले वेतन वा खर्चाची तरतूद असाही त्याचा अर्थ होतो. नेमणूक ही देणाऱ्याच्या मर्जीने मिळणारी गोष्ट. तिच्यासाठी शिफारस लागते, अर्ज व कारणमीमांसा लागत नाही. अशासकीय अभ्यागताचे पद बिनपगारी असले तरी त्याच्या नेमणुकीला चिकटलेला हा जुना अर्थ पुसला गेला नाही. ते एक सन्मानाचे पद ठरले, आणि सन्मान कोणाला का दिला हे विचारण्याची रीत नसते.

हा प्रश्न अक्कलकोटसारख्या स्थळावरून पाहिला असता अधिक स्पष्ट होतो. १८४८ साली सातारा राज्य खालसा झाल्यानंतर अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा इंग्रज सरकारशी प्रत्यक्ष संबंध जडला. १९०१ च्या गणतीनुसार ४९८ चौरस मैलांच्या या संस्थानाची लोकसंख्या ८२,०४७ होती, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचा कारभार इंग्रजी व्यवस्थापनाखाली होता. १८९४ चा अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानी मुलखात तो स्वतःच्या बळावर लागू होत नव्हता. त्यामुळे सोलापूर शहरातील बंदी एका कायद्याच्या छायेत, तर तेथून जवळच असलेल्या अक्कलकोटातील बंदी दरबारी सत्तेच्या छायेत, अशी स्थिती होती. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ही भिन्नता संपली. परंतु विलीनीकरणाने जो कायदा आणला, त्यातही अभ्यागताची निवड सरकारच्या इच्छेवरच सोपवलेली होती. दरबाराची मर्जी जाऊन तिच्या जागी सचिवालयाची मर्जी आली. बंद्याच्या दृष्टीने, निवडीपुरता तरी, फारसा फरक पडला नाही.

अभ्यागत-पद्धतीचे महत्त्व वसाहतकाळातच ओळखले गेले होते. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने अशासकीय अभ्यागतांचा पुरस्कार केला. गैरप्रकारांना आळा बसणे आणि सामान्य नागरिकांना तुरुंगाच्या प्रश्नांची ओळख होणे, असा त्यांचा दुहेरी उपयोग समितीला दिसला. तथापि ज्यांची नेमणूक सरकार करते ते सरकारविरुद्ध कितपत पाहू शकतील, हा प्रश्न पुढील दशकात तीव्र झाला. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. सरकार हाच एक पक्ष असलेल्या अशा काळात सरकारनियुक्त अभ्यागताचा शेरा कितीही प्रामाणिक असला तरी लोकमानसात त्याला वजन येणे कठीण असते. येथे उणीव अभ्यागताच्या चारित्र्याची नसून त्याच्या निवडीच्या रीतीची असते.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राने १९६२ मध्ये तुरुंगांच्या अभ्यागतांविषयी स्वतंत्र नियम केले. शासकीय व अशासकीय असे अभ्यागतांचे वर्ग, त्यांच्या भेटी, त्यांचे शेरे यांची व्यवस्था लागली. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील १९८०-८३ च्या समितीने देशभरातील तुरुंगांचा व्यापक विचार केला. तत्पूर्वी, डिसेंबर १९७९ मध्ये, सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका बंद्याच्या पत्रालाच याचिका मानून न्यायाधीशांच्या तुरुंगभेटींना नवे महत्त्व दिले होते.

निवडीच्या प्रश्नावर प्रकाश टाकणारा निर्णय मात्र महाराष्ट्रातूनच उद्भवला. शीला बारसे यांनी मुंबईतील कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीविषयी पाठविलेल्या पत्रावर १९८३ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने शहरातील पोलीस कोठड्यांना अचानक भेटी देण्यासाठी सत्र न्यायाधीश नेमण्यास सांगितले. तो न्यायाधीश नगर दिवाणी न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांनी नेमावा, आणि शक्य तर ती महिला न्यायाधीश असावी, असेही स्पष्ट केले. हा निर्णय तुरुंगांविषयी नसून पोलीस कोठड्यांविषयी होता हे खरे. पण त्यात दोन गोष्टी प्रथमच उघडपणे सांगितल्या गेल्या : निवड कोण करील, आणि कोणत्या गुणाला प्राधान्य देईल. निवडीचा अधिकार कार्यकारी सत्तेकडून काढून अन्यत्र ठेवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

इंग्लंडमधील अनुभव येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. तेथील अभ्यागत मंडळांकडे देखरेखीबरोबरच बंद्यांच्या शिस्तभंगाबद्दल शिक्षा सुनावण्याचाही अधिकार होता. तो १९९२ मध्ये काढून घेण्यात आला. जो शिक्षा देतो त्याच्याकडे तक्रार नेण्यास बंदी धजत नाही, हे उशिरा का होईना मान्य झाले. २००३ मध्ये या मंडळांचे नावच बदलून 'स्वतंत्र देखरेख मंडळ' असे करण्यात आले. नेमणूक आजही मंत्र्याच्या नावे होते, परंतु रिक्त जागा जाहीर होतात आणि सामान्य नागरिक त्यांसाठी अर्ज करू शकतात. नाव बदलले म्हणजे वस्तू बदलते असे नव्हे. पण 'अभ्यागत' जाऊन 'स्वतंत्र' हे विशेषण आले, तेव्हा त्या विशेषणाचा हिशेब मागण्याची सोय झाली.

भारतात ही सोय २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने काही अंशी निर्माण केली आहे. कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सल्ल्यासाठी किंवा आपल्या भागासाठी घडविलेल्या, दोन वा अधिक व्यक्तींच्या मंडळांची व समित्यांची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे, आणि त्यांच्या बैठकींचे कार्यवृत्त लोकांना पाहावयास मिळते की नाही हेही सांगावयाचे आहे. परंतु नावे कळणे वेगळे आणि ती नावे का निवडली हे कळणे वेगळे. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशासकीय सदस्यांसह अभ्यागत मंडळे घडविण्याचे महत्त्व सांगताना समाजातील मान्यवरांच्या सहभागाची अपेक्षा व्यक्त केली. अपेक्षा रास्त आहे. पण 'मान्यवर' ही कसोटी नव्हे, ते कसोटीनंतरचे विशेषण आहे. मानणारा कोण, हे त्यातून कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत याहून नेमकी भाषा आढळते : बाह्य निरीक्षक पात्र व अनुभवी असावेत, त्यांत वैद्यकीय जाणकार असावेत, स्त्रीपुरुषांच्या समतोलाचा विचार व्हावा, आणि अहवाल प्रसिद्ध करण्याचाही विचार व्हावा.

कसोटी जाहीर करण्याचा लाभ अक्कलकोटच्या उदाहरणावरूनच दाखविता येईल. हा तालुका कर्नाटकाच्या सीमेवर आहे आणि तेथे कन्नड भाषकांची संख्या मोठी आहे. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातही त्याचा विचार झाला होता. तालुक्याच्या खेड्यातील एखादा कच्चा कैदी घरी कन्नड बोलतो, तर नियम, नोंदवह्या व शेरेपुस्तक मराठीत असते. कन्नड न कळणाऱ्या अभ्यागताला त्याची तक्रार ऐकावयाची झाल्यास दुभाषी लागतो, आणि तुरुंगात सहज उपलब्ध असणारा दुभाषी म्हणजे बहुधा तुरुंगाचाच शिपाई. ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याच्याच तोंडून ती अभ्यागतापर्यंत पोचावयाची! निवडीच्या कसोट्या आधी जाहीर करावयाच्या झाल्या, तर सीमेवरील जिल्ह्यासाठी स्थानिक भाषांचे ज्ञान ही कसोटी कोणीतरी सुचविल्याखेरीज राहणार नाही. मर्जीच्या नेमणुकीत ती सुचविण्यास जागाच नसते. निवडीतील गुप्ततेचा तोटा केवळ पक्षपात एवढाच नाही. योग्य प्रश्न विचारलेच जात नाहीत, हा त्याहून मोठा तोटा होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो. अर्ज मागविले तर महत्त्वाकांक्षी व प्रसिद्धिलोलुप माणसे पुढे येतील, आणि शांतपणे काम करणारे सज्जन मागे राहतील. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु बंद दाराआड होणाऱ्या निवडीत अशी माणसे येत नाहीत, असे कोणाला म्हणता येईल? उघड निवडीत निदान त्यांचे नाव, त्यांचा पक्षसंबंध आणि त्यांच्या भेटींची संख्या तपासता येते. दुसरा आक्षेप तुरुंगाच्या सुरक्षिततेचा. बंद्यांविषयीची काही माहिती गोपनीय ठेवणे आवश्यक आहे, यात शंका नाही. पण अभ्यागताचे नाव, त्याची मुदत आणि त्याच्या निवडीचे कारण ही बंद्याविषयीची माहिती नव्हे. किंबहुना ती सर्वांत आधी बंद्यालाच कळली पाहिजे. अन्यथा आपले म्हणणे कोणापुढे मांडावे हेच त्याला ठाऊक राहणार नाही.

सारांश, १८९४ पासून आजतागायत या व्यवस्थेत पुष्कळ बदल झाले, परंतु कलम ५९ मधील त्या एका ओळीचा आशय टिकून राहिला. रिक्त पद जाहीर करणे, कसोटी आधी सांगणे, निवडीची कारणे नोंदविणे, आणि मुदत व भेटी प्रसिद्ध करणे या चार गोष्टींना नवा कायदा लागतोच असे नाही. पहिल्या नियमाचा अर्थ नीट लावला तरी त्या साधतील. नेमणूक देणाऱ्याच्या मर्जीतून सुटून समाजापुढे उत्तरदायी झाली, तरच अभ्यागत हा पाहुणा न राहता पाहणारा होईल.