लाल कोळी (शोभेच्या झाडांवरील)

पानांच्या खालच्या बाजूला राहून पेशींतील रस शोषणारा अष्टपाद जीव. शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिकी. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. नाव लाल असले तरी पुष्कळदा तो पिवळसर हिरवा असतो आणि पाठीवर दोन गडद ठिपके दिसतात. तो कीटक नव्हे, कोळ्यांच्या वर्गातला आहे; उपाय चुकतात ते बहुधा इथेच.

पुण्याच्या सदाशिव पेठेत वाडे पडून इमारती झाल्या, तशी चौकातली जास्वंद, मोगरा आणि गुलाब गॅलरीच्या ग्रिलमध्ये आले. वर छत असल्याने पाने पावसाने धुतली जात नाहीत, शेजारची भिंत तापते आणि मार्च ते मे हवा कोरडी असते. कोळ्याला याहून सोयीची जागा नाही. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. मादी शंभराच्या घरात अंडी घालते, आणि नराशी संयोग झाला नाही तरी तिच्या अंड्यांतून नर निपजतात.

आधी पानावर फिकट बारीक ठिपके येतात, मग पान पितळी पडते. जाळी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पान पांढऱ्या कागदावर झटकावे. हलणारे ठिपके दिसले, की निदान झाले. ऑर्किडवर मात्र जाळीची वाट पाहू नये. तिथे बरेचदा चपटे कोळी असतात, ते जाळे विणत नाहीत. त्यांच्यामुळे पानावर चंदेरी, पुढे तपकिरी चट्टे उठतात. ब्रेव्हिपाल्पस हा चपटा कोळी तर ऑर्किडचा विषाणूही पसरवतो.

पहिला उपाय पाण्याचा. पानांची खालची बाजू जोराच्या फवाऱ्याने धुवावी. अंडी उरतात, म्हणून तीन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा धुवावे. फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या शेंड्यातले पाणी टिपून घ्यावे, नाहीतर झाड कुजते. त्यानंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून संध्याकाळी फवारावे, तेही आधी एका पानावर पाहून. गंधक उपयोगी आहे, पण कडक उन्हात पाने करपवते आणि तेलाच्या फवारणीनंतर लगेच चालत नाही.

मावळातल्या तळेगाव दाभाडे परिसरातील पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या वाकवलेल्या खालच्या फांद्या हे लाल कोळ्याचे खास घर. तिथे कोळीनाशके आलटून पालटून वापरावी लागतात. एकच औषध सतत मारल्यास कोळी त्याला दाद देत नाही. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी तर त्याचे शत्रूच मरतात आणि प्रादुर्भाव वाढतो. या शत्रूंपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फायटोसियुलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी. 1958 मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवर तो सापडला आणि पुढे युरोपातल्या काचगृहांत रुजला. पेठेतल्या गॅलरीत त्याचा भरवसा नाही, कोरड्या हवेत त्याची अंडी सुकतात.

कोळीनाशक म्हणून पूर्वी सर्रास विकल्या जाणाऱ्या डायकोफॉलवर भारतात 2023 च्या आदेशाने बंदी आली आहे. माळ्यावर त्याची जुनी बाटली असेल, तर ती वापरू नये.